रंग काढण्याआधी घर ठोकून बघा

नवरात्र उठलं की माहीम-केळव्यात रंगारी मिळेनासा होतो. पावसाने भिंतींची पार रया गेलेली असते, दिवाळी तोंडावर असते, मुंबईची मंडळी यायची असतात. मग रंगाचे डबे येतात आणि चार दिवसांत घर लख्ख होतं. हीच वेळ गाठून लिहिते आहे. यंदा रंगाऱ्याला हो म्हणण्याआधी एक दुपार काढा, हातात जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि घरातली एकेक चौकट खालपासून ठोकत जा.

सांगायचं कारण घरचंच आहे. आमच्या माजघराच्या चौकटीला मी लागोपाठ दोन दिवाळ्या तपकिरी ऑइलपेंट दिला. दिसायला चौकट नवी कोरी. तिसऱ्या वर्षी कपाट सरकवताना त्याचा कोपरा चौकटीला लागला तो थेट आत गेला. दाबून पाहिलं तर अंगठा नखापर्यंत रुतला. वर रंगाचा पापुद्रा शाबूत, त्याखाली कागदाइतकं लाकूड आणि आत ओलसर मातीचे थरावर थर. दोन वर्षं मी वाळवीच्या घराला बाहेरून रंग देत होते.

‘सागाला वाळवी लागत नाही’ असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे. ते अर्धं खरं आहे. सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही, पण गाभ्याभोवतीचं फिकट, पांढुरकं लाकूड ती खाते, आणि हल्ली चौकटीत तेच जास्त येतं. जुन्या घरातली शंभर वर्षांची तुळई ठणठणीत राहते आणि शेजारची दहा वर्षांची चौकट भुगा होते, त्यात नवल काही नाही.

ठोकायचं कसं, तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके. भरीव लाकडाचा आवाज कोरडा आणि नेमका येतो. पोकळ लाकूड पिकलेल्या कलिंगडासारखं बोलतं. चौकटीची खालची एक वीत सगळ्यात आधी, कारण जमिनीतली वाळवी तिथूनच चढते. मग न्हाणीला लागून असलेली भिंत, मोरीच्या मागची बाजू, लाकडी फळीवर बसवलेले विजेचे बोर्ड, देव्हाऱ्याची पाठ, माळ्यावरच्या खोक्यांचे तळ. कागदपत्रांची ट्रंक भिंतीला टेकवून ठेवली असेल तर ती पुढे ओढा. जमिनीच्या कागदांना वाळवी लागली की काय काय निस्तरावं लागतं, ते ज्याच्यावर गुदरलं त्याला विचारा. आपल्या गावच्या नावाची महिकावतीची बखर इतिहासकार राजवाड्यांनी १९२४ साली छापली, ती कुणीतरी तोवर ते बाड कोरडं ठेवलं म्हणून.

भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसली तर ती झाडूने पुसून मोकळं होऊ नका. ती वाळवीची वाट आहे. तिला अंधार आणि ओल लागते, म्हणून ती स्वतःपुरता बोगदा बांधत वर जाते. रेघेचा मधला बोटभर तुकडा नखाने पाडा, आत पांढुरके किडे धावताना दिसतात का बघा, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. तीन दिवसांनी तुकडा पुन्हा बांधलेला दिसला तर वाट चालू आहे. नाही बांधला तरी लगेच निर्धास्त होऊ नका, तिने दुसरा रस्ता धरलेला असू शकतो. पण रॉकेल ओतणं, पेट्रोल शिंपडणं, मच्छरांचा स्प्रे मारणं यातलं काही करू नका. वाटेवरच्या शे-दोनशे मरतील. राणी बाहेर जमिनीत आहे, तिला पत्ताही लागत नाही. पेट्रोलने घर पेटायचं ते वेगळंच.

सगळाच भुगा वाळवीचा नसतो, आणि इथे पैसे वाया जातात. खुर्चीखाली मैद्यासारखी पांढरी पूड पडत असेल आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. खसखशीसारखे टणक दाणे पडत असतील, तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी, तिला जमिनीची गरजच नसते. या दोघांसाठी जमिनीत औषध सोडून उपयोग नाही, उपाय त्या लाकडावरच करावा लागतो, नाहीतर ते लाकूड घराबाहेर काढावं लागतं. पहिल्या पावसात दिव्याभोवती वाळवीचे जे पंखवाले किडे येतात त्यांचाही लगेच धसका घेऊ नका. अंगणातल्या दिव्यावर आले तर येऊ द्या, रानात वारुळं आहेत तोवर ते येणारच. पण खिडक्या बंद असताना आतल्या बाजूला सारख्या लांबीच्या पंखांचा ढीग सापडला, तर वारूळ घराच्या पोटात आहे. मुंग्यांनाही पंख फुटतात. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीला कंबर अशी नाहीच.

आता जुन्या घरवाल्यांसाठी थोडं जास्त सांगते. ओटीवरचे लाकडी खांब आठवा. प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा असतो. तो शोभेचा नव्हे. लाकूड आणि जमीन यांची गाठ पडू नये, ओल वर चढू नये, आणि वाळवी चढलीच तर दगडावर तिची मातीची रेघ उघडी दिसावी, एवढा विचार त्यात आहे. मग आपण काय केलं? मुलाच्या लग्नाआधी कोबा उकरून फरशी बसवली. पाणी आत येतं म्हणून चार बोटं, सहा बोटं उंची वाढवली. तळखडा पुरला गेला आणि खांबाचा पाय फरशीच्या पोटात गेला. फरशीखालच्या भरावात गवंड्याने टाकलेले लाकडाचे तुकडे, सेंट्रिंगच्या फळ्यांचे ढलपे तसेच राहिले. म्हणजे आधी जेवण वाढून ठेवलं आणि मग दार उघडून दिलं. तुमच्याकडे फरशी बसवायचं काम निघणार असेल तर गवंड्याला निक्षून सांगा, तळखड्याचा माथा उघडा राहिला पाहिजे आणि भरावात लाकडाची ढलपीही नको.

सासूबाई ओटी आणि पडवी शेणाने सारवायच्या. आठ-दहा दिवसांनी भिंतीच्या कडेकडेने ओणव्याने जायचं, तेव्हा हाताला मऊ लागलेली जागा, उगवलेली माती, उंदराचं नवं बीळ, सगळं आपोआप नजरेखालून जायचं. त्याला तपासणी म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. चुलीचा धूर वाशांना लागायचा, त्याने बांबू टिकायचे. धूर परत आणा असं मी म्हणणार नाही, त्या धुराने बायकांच्या छातीचं काय झालं ते घरोघर पाहिलं आहे. पण सारवण गेलं तेव्हा ओणवून बघणंही गेलं, आणि लांब दांड्याच्या पोछ्याने कोपरा दिसत नाही.

घराबाहेरची फेरी विसरू नका. आपल्याकडे घर आणि वाडी वेगळी नाहीत. वाळलेल्या झावळ्या, चुलीची लाकडं, सोडणं, मांडवाचे जुने खांब, सगळं मागच्या भिंतीला टेकवून ठेवायची आपली सवय. ते भिंतीपासून दोन हात लांब, दगडावर किंवा लोखंडी घोडीवर रचा. पागोळ्या जोत्याशीच पडत असतील तर पन्हळ लावा. न्हाणीचं पाणी भिंतीच्या मुळाशी मुरत असेल तर आधी ते वळवा. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या गावात ओल थांबवल्याशिवाय मारलेलं औषध फार दिवस पुरत नाही. भिंतीला टेकलेल्या केळी काढायला जीव धजत नाही, मलाही धजला नव्हता. शेवटी काढल्या.

एवढं करूनही चालू वाट सापडली, तर पेस्ट कंट्रोलवाला बोलवावा लागेल. बोलवा. पण त्याने पंप उघडण्याआधी तुम्ही तोंड उघडा.

हा धंदा करायला परवाना लागतो. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे, आणि परवाना राज्याचं कृषी खातं देतं. त्याची प्रत मागा. कोणतं औषध वापरणार ते बिलावर लिहून मागा. बाटलीचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, लेबल तुम्हाला वाचता आलं पाहिजे. लेबलावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आणि वासावर जाऊ नका. क्लोरपायरीफॉसला उग्र वास येतो म्हणून लोकांना ते ‘पॉवरफुल’ वाटतं. इमिडाक्लोप्रिडला वास जवळजवळ नसतो, वाळवीला ते कळत नाही, ती त्यातून चालत जाते आणि अंगावर घेऊन वारुळात नेते. परिणाम दिसायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी किडे दिसले म्हणून त्या माणसाशी भांडू नका.

भांडायचं असेल तर हिशोबावर भांडा. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा भाग ३. त्यात फरशी आणि भिंत मिळते त्या रेषेवर साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि प्रत्येक भोकात ते पिईल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर मिश्रण सोडायचं असं आहे. आता दहा बाय बाराची खोली घ्या. चार भिंती मिळून ४४ फूट, दारं वजा केली तर चाळीस भोकं, म्हणजे चाळीस लिटरपर्यंत मिश्रण. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्क्यांचं असेल तर लिटरला २.१ मिलिलिटर, म्हणजे एका खोलीला ऐंशीएक मिलिलिटर औषध. क्लोरपायरीफॉस २० टक्क्यांचं असेल तर एका लिटरला १९ लिटर पाणी, म्हणजे खोलीला दोन लिटर. आमच्याकडे पहिल्यांदा जो मुलगा आला होता त्याने पाठीवरच्या एका पंपात अख्खं घर उरकलं, भिंतींच्या कडा ओल्या केल्या आणि पाच वर्षांची गॅरंटी देऊन गेला. पंप फार तर सोळा लिटरचा. तेव्हा मला हा हिशोब येत नव्हता. गॅरंटीच्या कागदावर कुठल्या खोल्या, कुठली लाकडं, पुन्हा किती दिवसांत येणार, हे नसेल तर तो कागद वाळवीला घाला. भोकं पाडण्याआधी फरशीखालून नळ आणि भिंतीतून वायर कुठून गेली आहे ते खडूने आखून द्या.

आणि विहीर. हे माझं मुख्य सांगणं समजा. आपली जमीन रेताड, पाणी वर, आणि कित्येकांच्या विहिरी घराच्या भिंतीपासून दहा पावलांवर. विहीर, बोअर किंवा पाण्याची टाकी जवळ असेल त्या बाजूला जमिनीत औषध सोडू देऊ नका, मग वाळवीने एक चौकट खाल्ली तरी चालेल. त्या बाजूला लाकूड काढून दगड किंवा लोखंड बसवा, नव्या लाकडाला बसवण्याआधी बोरॅक्सचं पाणी पाजा. तसंच पानवेलीचं. बाकी भाजी आपण शिजवतो, विड्याचं पान धुतलं न धुतलं तसंच तोंडात जातं. वाडीकडच्या भिंतीलगत औषधाचा चर खणायचा असेल तर वेलाच्या मुळापासून तो लांब हवा आणि काम कोरड्या दिवसात हवं. पावसात केलेलं काम वाहून वाडीत जातं. पायरेथ्रॉइड गटाची औषधं माशांना फार जहाल असतात, म्हणून उरलेलं मिश्रण ओहोळात किंवा तळ्यात ओतू देऊ नका.

उंदरांबद्दल मात्र मी कठोर आहे. उंदराचं औषध घरात आणण्याआधी दहा वेळा विचार करा. २०२४ च्या नोव्हेंबरात चेन्नईजवळ कुंद्रातूरला एका घरात उंदरांसाठी पेस्ट कंट्रोल झालं. घरचे एसी लावून झोपले आणि दोन लहान मुलं गेली. धान्यात टाकायच्या गॅसच्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, ओल लागली की विषारी वायू सोडतात. त्या घरमालकाने हाताळायच्या नाहीतच, कायद्यानेही त्या जाणकारांच्या देखरेखीबाहेर वापरता येत नाहीत. ओळखीचा दुकानदार देतो म्हणून तांदळाच्या डब्यात टाकू नका. तांदूळ उन्हात वाळवा, घट्ट झाकणाच्या पिंपात भरा, डाळींना एरंडेल चोळा, हे कंटाळवाणं आहे आणि पुरेसं आहे. दुसरी ती उंदराची पेस्ट. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेली की पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते, मग बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी व्हायला लागतं. त्यावर उतारा नाही. मुलाने तोंडाला लावलं एवढा संशय जरी आला तरी बरं वाटतंय म्हणून थांबू नका. मीठपाणी पाजून ओकवायला जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचं पाकीट हातात घेऊनच निघा, कारण एका विषावर जे चालतं ते दुसऱ्यावर चालत नाही. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या नंबरवर डॉक्टरांना आणि घरच्यांनाही सल्ला देतं. नंबर फ्रिजवर लिहून ठेवा.

उंदीर आणि घूस पिंजऱ्याने, सापळ्याने आणि उपासमारीने जातात. रात्रीची खरकटी भांडी, कोंबड्यांचं उरलेलं खाणं, झाडाखाली पडलेले कुरतडलेले नारळ उचला. अंगठा जाईल एवढ्या भोकातून उंदीर जातो, म्हणून ती सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून बुजवा. घुशीने जोत्याखाली पोकळी केली असेल तर फरशी बसते, तेव्हा बीळ बुजवण्याआधी काठी घालून किती खोल आहे ते बघा. हात घालू नका. उंदरामागे साप येतो, आणि पावसात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, हे या पट्ट्यात कुणाला वेगळं सांगायला नको.

बोईसर-पालघरच्या चाळी आणि फ्लॅटमधल्या वाचकांचं दुखणं वेगळं, ते थोडक्यात. ढेकूण घाणीमुळे होतात हा समज सोडा, ते बॅगेतून, गादीतून, जुन्या पलंगातून येतात. चांगल्या घरातही येतात, म्हणून लपवू नका. लपवल्याने ते भिंतीपलीकडे जातात आणि चार खोल्यांचा प्रश्न होतो. अंड्यांवर बहुतेक औषधं चालत नाहीत, त्यामुळे दहा-पंधरा दिवसांनी दुसरी फेरी केली नाही तर पहिलीचे पैसे बुडाले. चादरी, उश्यांचे अभ्रे कडकडीत पाण्यात घाला, पलंगाच्या खाचांत उकळतं पाणी ओता, आजीचा उपाय आहे आणि तो बरोबर आहे. नुवान म्हणून जे डायक्लोरव्हॉस लोक मागायचे त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कुणी जुनी बाटली काढून दिली तर घेऊ नका. झुरळांना जेल लावलं असेल तर वरून स्प्रे मारू नका, त्या वासाने ती जेलकडे फिरकत नाहीत. आणि शेजारी कारखाने आहेत म्हणून एक सांगते. ‘कंपनीतलं आहे, जालीम आहे’ म्हणत कुणी बिनलेबलची बाटली दिली तर ती घरात येता कामा नये. रसायनाची रिकामी निळी पिंपं स्वस्तात मिळतात म्हणून त्यात पाणी भरणारे आहेत. धुऊन ती निवळत नाहीत.

डासांसाठी पालिका-पंचायतीच्या धुराची वाट बघण्यापेक्षा आठवड्यातून एकदा करवंट्या आणि शहाळ्यांची टरफलं उलटी करा. डेंग्यूचा डास अंड्यातून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो, रविवार ठरवला की पुरतो.

काम झाल्यावर औषध सुकेपर्यंत आणि खिडक्या उघडून हवा खेळेपर्यंत तान्ही मुलं, गरोदर बाई, मांजर, माशांची काचपेटी यांना त्या खोल्यांत नेऊ नका. आणि मग रंगाऱ्याला बोलवा. चौकटीचा खालचा हातभर भाग फिक्या रंगाचा ठेवायला सांगा. तपकिरीवर मातीची रेघ दिसत नाही, पांढऱ्यावर दिसते.

आमच्या माजघराच्या दारामागे पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत, रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला सांगितली होती. शेवटची तारीख परवाची. पुढे लिहिलं आहे, ‘न्हाणीच्या भिंतीला, दोन बोटं.’ तुकडा पाडून ठेवला आहे. उद्या बघायचा आहे.